मोठे मामंजी ओरडायला शिकले

जन्माला आलेल्या प्रत्येक माणसाला कुठे ना कुठे काही ना काही दुखत असतं. आमच्या मोठ्या मामंजींना मात्र साठ वर्षांत कधी काही दुखलं नव्हतं. निदान त्यांचं म्हणणं तसं होतं, आणि सारी उमर फौजदारकीत घालवलेल्या माणसाचं म्हणणं खोडून काढायची आमच्या घरात कुणाची छाती नव्हती. मोठे मामंजी म्हणजे माझ्या सासऱ्यांचे थोरले बंधू. सासरे माझ्या लग्नाआधीच वारले होते, आणि पेन्शनीत निघाल्यावर मोठे मामंजी श्रीगोंद्याच्या घरी येऊन आपोआप कर्ते झाले होते. मी लग्न होऊन तिथे आले तेव्हा लढाई सुरू झाली होती. ओट्यावरच्या लाकडी बाकावर, ऐन वैशाखात गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट घालून, ताठ बसलेले मामंजी ही त्या घराची मला झालेली पहिली ओळख. मी वाकून नमस्कार केला तेव्हा त्यांनी आशीर्वाद दिला, पण तो असा, की मला वाटलं आता खाली सही करावी लागणार.

दाढ काढायला ते नगरला गेले तर भुलीची सुई नको म्हणाले, आणि निघालेली दाढ कागदात बांधून घरी घेऊन आले. एकदा भर दुपारी बाकाखालून विंचू निघाला आणि त्यांच्या पायाला डसला. त्यांनी विंचू जोड्याखाली घेतला आणि वर्तमानपत्र पुन्हा उघडलं. दिवेलागणीपर्यंत ते वाचत होते. मी चहा ठेवायला गेले तेव्हा त्यांच्या कपाळावरून घाम निथळताना मला दिसला, आणि दुपारपासून पान उलटलेलं नाही हेही दिसलं. 'दुखतंय का?' असं विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं तर 'कोणाला?' असा उलट सवाल आला असता.

घरात काही सांडलं, फुटलं की ते पंचनामा करीत. लिंबाच्या लोणच्याची बरणी माझ्या हातून निसटली तेव्हा त्यांनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी येऊन, तुकड्यांकडे पाहत, घटनेच्या वेळी घरात आणखी कोण होतं ते विचारलं. मी रडकुंडीला आले. मग त्यांनी बराच विचार करून बरणीचाच तळ मुळात कच्चा होता असा निर्वाळा दिला आणि निघून गेले. त्यांचा पंचनामा नेहमी माणसाच्या बाजूनंच संपायचा, हे कळायला मला वर्षभर लागलं.

मोठ्या सासूबाई, म्हणजे मामंजींच्या पत्नी, मी यायच्या आदल्या वर्षी गेल्या होत्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्या गेल्या त्या दिवशीसुद्धा मामंजींनी ठरल्या वेळेला घड्याळाला किल्ली दिली आणि आल्यागेल्याला स्वतः पाणी विचारलं, असं नातेवाईक सांगत. आणि सांगताना आवाज खाली आणून, ह्या माणसाला काळीज म्हणून काही आहे की नाही, असं हळूच एकमेकांना विचारीत.

अशा माणसाच्या घरी म्हाळू धनगरानं कुत्र्याचं पिल्लू आणून दिलं. म्हाळूची चोरीला गेलेली मेंढरं मामंजींनी नोकरीत असताना शोधून दिली होती, तेव्हापासून दर साली त्याचा कळप गावाबाहेरच्या रानात बसला की तो भेटायला येई. त्या साली दिवाळीनंतर तो आला तो घोंगडीच्या खोळीत एक करडा गोळा घेऊन. आईला लांडग्यानं मारलं होतं, बाकीची पिल्लं जगली नव्हती, हे एकटंच राहिलं होतं, जेमतेम महिन्याचं. मामंजींनी ते दोन्ही हातांत धरून, जप्त केलेली वस्तू उजेडात पाहावी तसं सगळ्या बाजूंनी पाहिलं, आणि त्याचं नाव ठेवलं वॉरंट.

नावानं पहिल्याच आठवड्यात घोटाळा केला. ते बेचाळीसच्या धरपकडीचे दिवस होते. पलीकडच्या घरातले मास्तर रात्रीअपरात्री कसले कसले कागद वाटतात हे गल्लीला ठाऊक होतं. मामंजींनी सकाळी ओट्यावरून 'वॉरंट, इकडे ये' अशी खणखणीत हाक मारली आणि मास्तर मागच्या भिंतीवरून उडी टाकून जे गेले ते दोन दिवस कुणाला दिसले नाहीत. परत आले तेव्हा पाय मुरगळलेला होता. मामंजींनी त्यांना बोलावून पिल्लू दाखवलं, आणि पुढच्या वेळी भिंतीची उंची आधी पाहून ठेवत जा, एवढंच सांगितलं. कागदांबद्दल अवाक्षर काढलं नाही.

पण वॉरंटचा खरा गुन्हा नावाचा नव्हता, दातांचा होता. दोन महिन्यांचं झालं आणि त्याच्या तोंडात सुया उगवल्या. ते रागानं चावत नसे. सगळा आनंदाचाच कारभार. कुणी चालताना दिसलं की टाच, बसलेलं दिसलं की बोट, वाळत घातलेलं लुगडं दिसलं की त्याचा काठ. माझ्या सासूबाई जप करीत बसल्या की त्यांची माळ एका टोकाला त्यांच्या हातात आणि दुसऱ्या टोकाला वॉरंटच्या तोंडात. सासूबाई मोठ्या दिराशी थेट बोलत नसत. डोक्यावरचा पदर पुढे ओढून भिंतीशी बोलत आणि भिंतीनं ते मामंजींना सांगावं अशी अपेक्षा असे. त्या दिवसांत भिंतीला पुष्कळ ऐकावं लागलं.

मग पौषातल्या एका सकाळी व्हायचं ते झालं. माझी कुमुद नऊ महिन्यांची होती, नुकती रांगायला लागलेली. मी चुलीपाशी होते. तिचा टाहो ऐकून धावले तर ती ओसरीवर बसलेली, मनगटावर रक्ताचे दोन ठिपके, आणि समोर वॉरंट शेपूट हलवत, खेळ का थांबला म्हणून वाट पाहत. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी जखम साबणानं धुतली आणि सांगितलं की पिल्लू दहा दिवस बांधून ठेवा. त्याला काही झालं नाही तर पोरीलाही भिण्याचं कारण नाही. नाहीतर नगरला नेऊन पोटात चौदा सुया.

ते दहा दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. कुमुदला मी मांडीवरून खाली ठेवली नाही. वॉरंटकडे पाहिलं की तिला आणखी घट्ट धरायची, आणि मामंजींकडे पाहिलं की संताप यायचा. ते पिल्लाशेजारी बाक ओढून बसले होते, हातात वही. त्या वहीत मी नंतर वाचलं: 'सकाळी सात. आरोपीने दूध घेतले. साडेसात. आरोपीने शेपूट हलवले. नऊ. आरोपी झोपला, श्वास नीट.' दहा दिवसांत त्यांनी कोट काढला नाही. अकराव्या दिवशी डॉक्टर पाहून गेले, सगळं ठीक आहे म्हणाले. मामंजी वही मिटून आत आले, कुमुदच्या मनगटाकडे दुरूनच पाहिलं, आणि परत बाहेर गेले.

सासूबाईंनी भिंतीला निर्णय सांगितला. रथसप्तमीला नातीचं बोरनहाण आहे, गल्लीतली पोरं घरात येणार. तोवर कुत्रं शहाणं झालं तर राहील, नाहीतर गेलं म्हाळूच्या कळपात.

म्हणजे साधारण महिना हातात होता. मामंजींनी खात्यातले उपाय सुरू केले. आधी नजर. ज्या नजरेनं पारनेरपासून शेवगावपर्यंत लोक कबुलीजबाब देत, ती नजर त्यांनी वॉरंटवर रोखली. वॉरंटनं उडी मारून त्यांच्या मिशीचं टोक पकडलं. मग कोठडी. कोंबड्या झाकायच्या डालीखाली त्याला घातलं, तर ते डालीसकट अंगणभर फिरू लागलं. शेवटी एकदा, बोटातून रक्त आलं तेव्हा, त्यांनी त्याला चापट मारली. पिल्लू कोपऱ्यात जाऊन मुतलं, आणि मामंजींनी त्याला उचलायला हात पुढे केला तेव्हा पहिल्यांदाच गुरगुरून, भिऊन चावलं. मी दारातून पाहत होते. मामंजींनी आपला हात असा पाहिला, की जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता. त्यानंतर त्यांनी तो पुन्हा उगारला नाही.

बाजाराच्या दिवशी म्हाळू आला. मामंजींनी सगळी हकिगत क्रमवार सांगितली. म्हाळूनं तंबाखू मळत ऐकून घेतलं आणि म्हणाला, "फौजदार, त्येला ठावं न्हाई का आपली कातडी पातळ हाय. भावंडांत वाढलं असतं तर शिकलं असतं. एकानं जोरात चावलं की दुसरं केकाटतंय आन् खेळ सोडून जातंय. मंग चावणाऱ्याला कळतंय, का हितवर चावायचं, ह्याच्या फुडं न्हाई. ह्येला सांगायला कुनी ऱ्हायलंच न्हाई."

"मग आता?"

"आता तुमी सांगा. चावलं की वराडायचं, दुखलं म्हनायचं. हात सोडवून घ्यायचा, पाठ करून बसायचं. घडीभर बगायचं बी न्हाई. मंग पुन्यांदा खेळायचं."

मामंजींनी पायाशी लोळणाऱ्या पिल्लाकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हाळू, मला दुखत नाही."

"मंग ते शिकल कसं?" म्हाळू म्हणाला. "खोटं तर खोटं, पर वराडा."

हे शिक्षण तिथेच, ओट्यावर सुरू झालं. मामंजींनी कोटाची बटणं तपासली, बोट पुढे केलं, वॉरंटनं ते आनंदानं घेतलं, आणि मामंजी आरोपपत्र वाचावं अशा आवाजात म्हणाले, "आई गं." वॉरंटचं शेपूट आणखीच जोरात हललं. म्हाळूनं मान हलवली आणि स्वतः ओरडून दाखवलं, बारीक, चिरका, अगदी पिल्लाचा आवाज. वॉरंट दचकून मागे सरलं. मामंजींनी पुन्हा प्रयत्न केला. ह्या खेपेला ते आरोपपत्र जरा घाईनं वाचल्यासारखं झालं, एवढाच फरक. मी दाराआड तोंडात पदर कोंबून उभी होते.

तेव्हा त्यांनी आत वळून विचारलं, "सूनबाई, तुम्हाला ओरडता येतं का?"

त्या घरात येऊन मला तीन वर्षं झाली होती. तेवढ्या काळात बोट भाजलं, अंगावर कढी सांडली, बाळंतपण झालं. पण ओटा ओलांडून माझा आवाज बाहेर गेला नव्हता. सुनेनं कसं राहावं ते आईनं शिकवून पाठवलं होतं. मी मान हलवून हो म्हटलं. मामंजींनी वॉरंटला माझ्यासमोर ठेवलं, त्यानं माझी करंगळी धरली आणि मी ओरडले. पोटातून, सगळ्या तीन वर्षांचं ओरडले. पलीकडचे मास्तर लंगडत बाहेर आले, समोरची तांबोळीण पानांची टोपली टाकून धावली, आणि वॉरंट बोट सोडून, कान पाडून, माझ्याकडे पाहत बसलं. मामंजींनी वहीत काहीतरी टिपलं. मला म्हणाले, "उत्तम. रोज सकाळ-संध्याकाळ."

त्या दिवसापासून आमच्या घरातून जे आवाज निघू लागले त्यांनी गल्लीची झोप उडाली. मामंजींनी सुवाच्य अक्षरात हुकूम लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला: चावा बसताच ओरडावे, हात काढून घ्यावा, पाठ फिरवावी, वीस अंक मोजेपर्यंत कोणीही पिल्लाकडे पाहू नये, नंतर त्याच्या तोंडी चिंध्यांची वेणी द्यावी आणि खेळ पुन्हा सुरू करावा. हुकूम सर्वांना लागू होता. गवळी ओरडू लागला, पोस्टमन ओरडू लागला. आमचे हे कचेरीतून दमून आले की दारातच ओरडून, पाठ फिरवून, गल्लीकडे तोंड करून वीस मोजत उभे राहत. एकदा मामंजींचे जुने स्नेही, एक पेन्शनर मामलेदार, भेटायला आले. वॉरंटनं त्यांचा अंगठा धरला, ते बिचारे ओरडले, आणि त्याबरोबर मामंजी, हे, मी आणि सासूबाई, सगळ्यांनी हुकुमाप्रमाणे पाठ फिरवली. वीस मोजून वळून पाहिलं तर मामलेदार गेले होते. पुढे त्यांची समजूत घालायला मामंजींना दोन पत्रं लिहावी लागली.

मामंजींचा स्वतःचा आवाज मात्र आठवडा झाला तरी फुटेना. ते ओसरीच्या कोपऱ्यात एकटे बसून सराव करीत. सकाळी मी दळण घेऊन बसले की मला ऐकू येई, एक जाड, संकोचलेली 'आई गं', मग खाकरणं, मग पुन्हा. आणि एके दिवशी, वॉरंटचा दात त्यांच्या नखाखाली गेला, आणि त्यांच्या तोंडून जो आवाज आला तो सरावाचा नव्हता. लहान मुलासारखा आला. वॉरंटनं तत्काळ बोट सोडलं, एक पाऊल मागे गेलं, मग पुढे येऊन ते बोट हळूहळू चाटू लागलं. मामंजींना पाठ फिरवायची आठवण राहिली नाही. ते बोटाकडे पाहतच राहिले. मी जात्याचा खुंटा धरून तशीच थांबले होते. "थांबलं," ते म्हणाले. "सूनबाई, ते थांबलं."

त्यानंतर प्रगती झाली, पण सरळ रेषेत नाही. दोन दिवस शहाणपणाचे गेले की तिसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला वॉरंटच्या अंगात यायचं आणि ते दिसेल त्याला धरायचं. रथसप्तमीच्या आदल्या दिवशीसुद्धा त्यानं सासूबाईंचा पदर फाडला. मामंजींनी रात्रीचं जेवण टाकलं. मला वाटलं, उद्या म्हाळूला निरोप जाणार.

बोरनहाणाच्या दिवशी वॉरंटला मागच्या अंगणात बांधलं होतं. पाटावर काळं झबलं घालून कुमुद, भोवती गल्लीतली पोरं आणि त्यांच्या आया. मी तिच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओतले आणि पोरं गोळा करायला जमिनीवर तुटून पडली. त्या गलक्यात तुटकी दोरी ओढत वॉरंट येऊन कधी घुसलं ते कुणालाच कळलं नाही. कळलं तेव्हा ते पाटाला अंग घासून उभं होतं आणि कुमुदनं त्याचा कान मुठीत धरलेला होता. बायका जागच्या जागी गोठल्या. मी पुढे झेपावले, पण मामंजींनी हात आडवा केला. कुमुदला नुकतेच खाली दोन दात आले होते. तिनं वॉरंटचा कान तोंडाशी ओढला आणि कडकडून चावला.

वॉरंट केकाटलं. कान सोडवून घेतला. मग वळून, आम्हा सगळ्यांकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसून राहिलं.

पहिल्यांदा हसल्या त्या सासूबाई. पदर पुढे ओढायचं विसरून हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग स्वतःला सावरून त्यांनी भिंतीला सांगितलं, "भावजींना म्हणावं, कुत्रं राहू दे. आता नातीला शिकवा."

मामंजी वॉरंटशेजारी खाली, जमिनीवर बसले, कोटासकट. त्यांना जमिनीवर बसलेलं मी तेव्हा प्रथम पाहिलं.

ह्या प्रकरणाचा आणखी एक परिणाम झाला, तो कुणाच्याच ध्यानीमनी नव्हता. महिनाभर रोज 'आई गं' म्हणून म्हणून मामंजींच्या तोंडाला ती सवय लागली. फाल्गुनात एकदा बाकावरून उठताना ती आपोआप बाहेर पडली. मी विचारलं, काय झालं? ते विचारात पडले. गुडघा, म्हणाले. कधीपासून? तर म्हणाले, शेवगावला घोड्यावरून पडलो होतो, त्या वर्षापासून. मी ओवा घालून तेल गरम करून दिलं. दुसऱ्या दिवशी खांदा निघाला. तो राहुरीचा होता, दंग्यात दगड लागला होता. मग पाठ, मग उरलेल्या दाढा. वीस-पंचवीस वर्षांची दुखणी ठाण्याच्या नावानिशी एकेक करून हजर होऊ लागली. आमचे हे चेष्टेनं म्हणत, त्यांची आता फक्त पारनेरची तक्रार नोंदवायची राहिली आहे. मी तेल गरम करीत राहिले.

मग एका दुपारी मी ओसरीवर तांदूळ निवडत होते. कुमुद झोपली होती, वॉरंट मामंजींच्या पायाशी. ते बाकावर बसून रस्त्याकडे पाहत होते. तसंच पाहत म्हणाले, "सूनबाई, तुमच्या मोठ्या सासूबाई गेल्या ना, तवा लई दुखलं."

शिकलेली, घासूनपुसून ठेवलेली सगळी भाषा बाजूला पडून त्यांच्या लहानपणच्या गावची बोली तोंडात आली होती. मी सूप खाली ठेवलं आणि त्यांच्याकडे तोंड करून बसले. बऱ्याच वेळानं त्यांनी कोटाचं वरचं बटण काढलं, आणि ऊन फार आहे म्हणाले.

लढाई संपली त्या वर्षी ह्यांची नाशिकला बदली झाली. निघायच्या दिवशी मामंजी टांग्याबरोबर वेशीपर्यंत चालत आले. बरोबर वॉरंट, आता मांडीएवढं उंच झालेलं. त्यांनी कुमुदच्या डोक्यावर हात ठेवला. मग मला म्हणाले, "पत्र पाठवत जा. पण येथील सर्व क्षेम, एवढंच लिहू नका. ते मी आयुष्यभर लिहिलंय."

मी लिहीत गेले. माहेरी मी सगळं छान आहे असं लिहायची. त्यांना लिहायची की नाशिकच्या दोन खोल्यांत जीव रमत नाही, दुसऱ्या खेपेचं मूल राहिलं नाही, ह्यांना उशिरापर्यंत कचेरीत थांबवतात आणि मी खिडकीत बसून असते. त्यांची उत्तरं पोस्टकार्डावर येत, ओळ सरळ, समास सोडलेला, वर तारीख, खाली पूर्ण सही. शेवटचं कार्ड ते गेले त्याच्या आधी आठ दिवसांचं आहे. त्यात तीनच वाक्यं आहेत. गुडघा दुखतो. वॉरंट बरा आहे. तुमची आठवण येते.

पहिल्या दोन वाक्यांची शाई हळूहळू फिकी होत गेली आहे. तिसरं वाक्य एकदम गडद आहे. मधे ते थोडे थांबले असणार, आणि मग टाक पुन्हा दौतीत बुडवला असणार.